अंगातले तांबे

तांब्याचा हंडा आपण रोज पाहतो. पण तांबे आपल्या अंगातही असते, हे ठाऊक आहे का?

डाळी, दाणे, तीळ यांतून थोडे तांबे पोटात जाते. शरीराला ते हवे असते. मेंदूच्या पेशींनाही ते लागते. पण लागते अगदी थोडे. जास्तीचे तांबे यकृत, म्हणजे लिव्हर, पित्तात सोडते. मग ते शौचावाटे बाहेर पडते.

काही जणांच्या यकृताला जन्मापासून हे काम जमत नाही. तांबे आतच साठते. आधी यकृतात, मग मेंदूत. तिथे ते पेशी मारते. डॉ. विल्सन यांनी 1912 साली या रोगाची माहिती लिहिली. म्हणून याला विल्सनचा रोग म्हणतात.

हा रोग बहुधा लहान किंवा तरुण वयात दिसू लागतो. हात थरथरतात. बोलणे जड होते. लाळ गळते. अक्षर बिघडते. कुणी चिडचिड करतो, कुणाला कावीळ होते.

घरचे म्हणतात, "पोरगं सोंग करतंय." शेजारी म्हणतात, "बाहेरचं आहे, देवऋषाकडे न्या." अंगारे-धुपाऱ्यात महिने जातात. तोवर तांबे वाढतच राहते.

डॉक्टर रक्त व लघवी तपासतात. डोळा खास दिव्याने पाहतात. पुष्कळ रोग्यांच्या बुबुळाच्या कडेला तपकिरी कडे दिसते. ते तांब्याचेच असते!

या रोगावर औषध आहे. 1956 साली डॉ. वॉल्श यांनी पेनिसिलामाइन हे औषध पुढे आणले. ते तांबे लघवीवाटे बाहेर काढते. जस्ताचे औषध अन्नातले तांबे अंगात शिरू देत नाही. मात्र औषध जन्मभर घ्यावे लागते. बरे वाटले म्हणून ते सोडले, तर जीवावर बेतते.

आणखी एक गोष्ट. आईबाप धडधाकट असले तरी दोघांकडून दोष आला की मुलाला रोग होतो. अशा आईबापांच्या दर मुलामागे हा धोका चारात एक असतो. नात्यात लग्ने झाली की धोका वाढतो. म्हणून एकाला रोग निघाला, की सगळ्या भावंडांची तपासणी करावी. वेळीच औषध सुरू केले, तर ती आजारी पडत नाहीत.

तांब्याच्या भांड्याने हा रोग होत नाही. पण रोग्याने त्यातले पाणी पिऊ नये.

अंधेरीच्या कोकिलाबेन रुग्णालयातील डॉ. अन्नू अग्रवाल व डॉ. मोहित भट्ट यांनी या रोगाचा मोठा अभ्यास केला आहे. रोग किती वाढला हे मोजण्याची पद्धत त्यांनी सहकाऱ्यांसह 2009 साली मांडली. पण आधी जवळच्या सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात जावे. घाटकोपरचे राजावाडी रुग्णालय महापालिकेचेच आहे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात मेंदूचे डॉक्टर आहेत.

पोराचा हात थरथरला, तर त्याला रागावू नका. दवाखान्यात न्या.

प्रश्न
1. जास्तीचे तांबे अंगाबाहेर कसे पडते?
2. भावंडांची तपासणी का करावी?
3. बरे वाटले तरी औषध का सोडू नये?