न दिसणारं चॅनेल आणि बेचाळीस मिलिमीटर

प्रश्न : आमच्याकडे आजोबांचं सागवानी टेबल आहे. श्रावण लागला की त्याचा ड्रॉवर हमखास आवळतो. बहिणीच्या नव्या स्वयंपाकघरातले लाकडी ड्रॉवर मात्र बोटाने ढकलले की अलगद मिटतात आणि चॅनेल कुठेच दिसत नाही. तशीच चॅनेल आणून आमच्या मिस्त्रींकडून नवे ड्रॉवर करून घेतले, पण ते नीट बसतच नाहीत. मिस्त्री म्हणतात, चॅनेल खराब आहेत. खरंच तसं असेल का? आणि आजोबांच्या टेबलाला अशी चॅनेल लावता येतील का?
— एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : चॅनेल खराब असतील असं मला वाटत नाही आणि मिस्त्रींचा हातही चांगलाच असेल. बहुधा माप चुकलं आहे, आणि ते जुन्या सवयीमुळे चुकलं आहे.

आपले मिस्त्री वर्षानुवर्षं ड्रॉवरच्या दोन्ही बाजूंना टेलिस्कोपिक चॅनेल लावत आले. त्याची जाडी अर्धा इंच. म्हणून हिशेब सोपा : कपाटाच्या आतल्या रुंदीतून एक इंच वजा करायचा, उरेल तेवढा ड्रॉवर बाहेरून रुंद ठेवायचा. बाजूची फळी १२ मिलिमीटरची असो की १८ची, फरक पडत नाही, कारण चॅनेल फळीच्या बाहेर बसतं.

तुम्ही आणलेलं चॅनेल अंडरमाउंट, म्हणजे तळाखाली लपणारं. ते दोन फळ्यांच्या मधे शिरून बसतं, म्हणून त्याला ड्रॉवरचं आतलं माप हवं असतं. १६ मिलिमीटरपर्यंतच्या फळ्यांसाठी केलेल्या बहुतेक चॅनेलना ड्रॉवरची आतली रुंदी कपाटाच्या आतल्या रुंदीपेक्षा बरोबर ४२ मिलिमीटरने कमी लागते.

उदाहरण घेऊ. ६०० मिलिमीटरचं कपाट, बाजूंना १८ मिलिमीटरचा प्लाय, म्हणजे आत ५६४. त्यातून ४२ गेले, ड्रॉवर आतून ५२२ हवा. आता मिस्त्रींनी सवयीने एक इंच सोडला आणि बाजूंना १२ मिलिमीटरचा प्लाय वापरला, तर ड्रॉवर बाहेरून ५३९ आणि आतून ५१५ झाला. सात मिलिमीटर कमी. चॅनेल फळ्यांमधे शिरणारच नाही. बाजूला १८ मिलिमीटर वापरला असेल, तर आत उरतात फक्त ५०३.

आपला सुतार सुतात बोलतो. इंचाला आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरहून थोडं जास्त. दारं-खिडक्यांना ते पुरतं, कारण लाकूड तासून जुळवता येतं. पण या चॅनेलला अर्ध्या सुताची चूकही जड जाते. या मालात मोठं नाव असलेल्या ऑस्ट्रियातल्या ब्लुम कंपनीचे संस्थापक युलियुस ब्लुम घोड्यांना नाल ठोकणारे कारागीर होते. १९५२मध्ये त्यांनी सुरुवात केली तीही नालेला बसवायच्या खुंट्या करून. हे लोखंडाच्या माणसांचं काम आहे. उद्यमनगरातल्या कारखान्यांतला कुठलाही टर्नर तुमच्या मिस्त्रींना दोन मिनिटांत समजावेल की इथे टेप बाजूला ठेवून स्टीलची पट्टी का घ्यायची.

तेव्हा आधी आतून मोजा, पुढे आणि मागे, दोन्हीकडे. मग ड्रॉवरचे दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत फरक असेल तर खोका तिरका आहे आणि रुंदी बरोबर असूनही ड्रॉवर चॅनेलला अडकवणारी एक क्लिप लागेल, दुसरी लागणार नाही. तळाकडेही बघा. चॅनेलला जागा मिळावी म्हणून तळ फळ्यांच्या खालच्या कडेपासून साधारण १३ मिलिमीटर वर बसलेला हवा, आणि मागच्या फळीला दोन्ही कोपऱ्यांत खाच व चॅनेलचा आकडा अडकायला ६ मिलिमीटरचं भोक हवं. लांबी, भोकाची जागा वगैरे बाकीची मापं चॅनेलच्या खोक्यातल्या कागदावर असतात. तो कागद काम सुरू करण्याआधी वाचायचा असतो.

फळ्या १२ मिलिमीटरच्या आणि चूक सात मिलिमीटरची असेल तर ड्रॉवर मोडू नका. कपाटाच्या दोन्ही बाजूंना चॅनेलच्या मागे साडेतीन-साडेतीन मिलिमीटरची पट्टी द्या. मायकाचे तुकडे एकावर एक चिकटवून ती नेमकी जमते. फळ्या १८ मिलिमीटरच्या असतील तर पट्टीने भागणार नाही. जाड फळीसाठी वेगळी चॅनेल मिळतात, त्यांची वजाबाकीही वेगळी असते. नाहीतर बाजू नव्याने करा. १२चा म्हणून आणलेला प्लाय भरतो कमी-जास्त, तोही मोजूनच घ्या.

आता आजोबांचं टेबल. लाकूड पावसाळ्यात आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ वाढतच नाही. ड्रॉवरच्या बाजूच्या फळीचा रेषा पुढून मागे धावतो, म्हणून कोल्हापूरच्या पावसात ती उंच होते. सहा इंच उंचीची सागवानी फळीसुद्धा दीड मिलिमीटर सहज वर येते आणि वरच्या पट्टीला घासते. नव्या ड्रॉवरला वर मोकळी जागा सोडलेली असते आणि भार चॅनेलवर असतो, त्यामुळे लाकूड फुगलं तरी लाकडाला लागत नाही.

त्या टेबलाला चॅनेल लावू नका, हे मी अगदी मनापासून सांगतो. जागा करायला तळ काढून वर घ्यावा लागेल, मागची फळी कापावी लागेल आणि हातांनी केलेले जुने सांधे त्यात जातील. त्यापेक्षा ड्रॉवर आवळलेला असतानाच फळ्यांच्या वरच्या कडेला खडू फासा आणि आत-बाहेर करा. खडू जिथे पुसला जाईल तेवढ्याच जागी रंध्याचे दोन-तीन हात मारा, जास्त नको, कारण मे महिन्यात तीच फळी पुन्हा आकसते. खालच्या घसरपट्ट्यांवर मेणबत्ती घासा. पाऊस सरून लाकूड वाळलं की तासलेल्या कडेला पॉलिशचा हात द्या. उघडं लाकूड दमट हवा जास्त ओढतं.

तुमचं घर पंचगंगेच्या अंगाला आहे, २०१९ आणि २०२१चे महापूर तुम्ही पाहिलेच असतील, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं की ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट न बघता खालच्या कपाटांचे ड्रॉवर काढून घ्या. ड्रॉवर पूर्ण उघडायचा, तळाखाली हात घालून दर्शनी फळीच्या मागच्या दोन्ही क्लिपा एकदम दाबायच्या आणि पुढून किंचित उचलून ओढायचा. स्क्रूड्रायव्हर लागत नाही. सामानासकट माळ्यावर नेता येतो. चॅनेल मात्र कपाटालाच राहतात, आणि गाळाचं पाणी शिरलं की ती अलगद मिटणं विसरतात. हाताशी अर्धा तास असेल तर तीही काढा, एकेकाला चारदोनच स्क्रू असतात.