दातांचा डॉक्टर गावातूनच घडवता येईल का?

प्रश्न : आमच्या भागात दातांचा डॉक्टर टिकत नाही. बाहेरच्यांची वाट बघण्यापेक्षा गावातल्याच मुलामुलींना हे काम शिकवता येणार नाही का? असं कुठे झालंय का?
— एक वाचक, पालघर जिल्हा

उत्तर : झालंय, आणि तेही अमेरिकेत. अलास्कातल्या बऱ्याच आदिवासी गावांना रस्ताच नाही. जायचं तर छोट्या विमानाने, नाहीतर नदीतून होडीने. दातांचा डॉक्टर अधूनमधून यायचा, थोडे दिवस थांबायचा आणि तेवढ्या वेळात दुखणारे दात उपटून परत जायचा. कीड लागली तेव्हाच दात भरला असता तर वाचला असता, पण तेव्हा भरायला कोणी नसायचं.

2003 साली तिथल्या आदिवासी आरोग्य संस्थेने आपल्याच समाजातले काही तरुण न्यूझीलंडला, ओटागो विद्यापीठात, दोन वर्षांसाठी शिकायला पाठवले. न्यूझीलंडच का? तिथे 1921 पासून शाळांमधल्या मुलांचे दात खास शिकवलेल्या नर्सेस भरत आल्या होत्या. पुढे 2007 मध्ये हा अभ्यासक्रम अलास्कातच सुरू झाला. शिकून झालं की लगेच एकट्याने काम करता येत नाही. आधी डॉक्टरच्या नजरेखाली किमान तीन महिने किंवा 400 तास, यातलं जे जास्त असेल तेवढं काम करावं लागतं. त्यानंतर गावात एकट्याने बसायचं, तेही दूरवरच्या डॉक्टरच्या देखरेखीत. दात भरणं, साधा दात काढणं आणि मुलांचे दात किडू नयेत म्हणून करायचे उपाय एवढंच त्यांचं काम. मोठ्यांचं रूट कॅनाल, अडकलेली अक्कलदाढ असलं काही आलं की रुग्ण डॉक्टरकडे.

एवढ्यावरही अमेरिकन डेंटल असोसिएशन 2006 मध्ये कोर्टात गेली. एकदा कोरलेला दात पूर्ववत होत नाही, तेव्हा ते काम पदवीधरानेच करावं, असं त्यांचं म्हणणं. शंका रास्त आहे. पण ज्या गावात पदवीधर येतच नाही तिथे तो दात किडतच राहतो, याचं काय? 2007 मध्ये निकाल आदिवासी संस्थेच्या बाजूने लागला. पुढे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासात दिसलं, की जिथे हे कार्यकर्ते जास्त दिवस काम करत होते तिथे दात उपटण्याचं प्रमाण कमी होतं आणि प्रतिबंधक उपचार जास्त. मला वाटतं, यात शिकवण्याइतकंच निवडीचंही श्रेय आहे. गावची मुलगी गावात राहते, आणि रुग्णाच्या आजीलाही ओळखते.

पूर्ण पदवीच्या डॉक्टरांचाही असा प्रयोग आहे. ॲरिझोनातल्या मेसा इथे 2003 मध्ये सुरू झालेल्या दंत महाविद्यालयाचे विद्यार्थी शेवटच्या वर्षातला बराच काळ गरीब वस्त्यांतल्या आरोग्य केंद्रांत काम करतात.

आपल्याकडे ही कल्पना अगदीच परकी नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळांवर घरीच उपचार करायला शिकवलं. बाळमृत्यू किती घटले ते 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलं. दातांच्या बाबतीत अडचण कायद्याची आहे. आपल्या 1948 च्या कायद्याने डॉक्टरांखेरीज डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक या दोनच वर्गांना जागा दिली. हायजिनिस्टने दात साफ करायचे, मेकॅनिकने कवळ्या बनवायच्या. दात भरणारा तिसरा वर्ग त्यात नव्हताच. तुमच्या गावातली हुशार मुलगी आज हायजिनिस्ट होऊ शकते किंवा बीडीएस करू शकते, मधला रस्ता तिला अजून नाही.