शिडाच्या जोडहोडीची जुळणी : लहान गाळ्यासाठी एक हुन्नर

घाटकोपरला चौपाटी नाही. पूर्वेला खाडी आणि खारफुटी आहे. तरीही लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या गाळ्यांत लेथ आणि स्टीलची कामे करणाऱ्या होतकरूंनी शिडाच्या लहान जोडहोडीची, म्हणजे कॅटमरानची, डागडुजी व जुळणी शिकावी, असे आम्हांला वाटते. गाळ्यात होडी तयार करायची, ट्रेलरवरून अलिबाग-मांडव्याच्या किनाऱ्यावर न्यायची आणि तिथे डोलकाठी उभी करायची, असे हे काम आहे.

'कॅटमरान' हा शब्द तामिळमधून आला. कट्टु म्हणजे बांधणे, मरम म्हणजे लाकूड. या होडीची सारी मदार आजही बांधणीवरच आहे. नमुन्यासाठी जगभर चालणारी 'होबी 16' घ्या. लांबी सुमारे 5 मीटर, रुंदी 2.41 मीटर, वजन 145 किलोच्या आसपास, आणि डोलकाठी तब्बल 8 मीटर! ही काठी तीन तारा आणि चार-दोन पिनांवर उभी असते. म्हणून कामाचा क्रम नीट समजून घ्यावा.

1) तारा : बाजूच्या दोन व पुढची एक. तारेवरून सुती फडके फिरवावे, उघडा हात नको. फडके अडकले तर तिथे तंतू तुटला आहे असे समजावे. तंतू बहुधा टोकाच्या दाबून बसविलेल्या जोडापाशी तुटतो. अशी तार बदलावीच. वेल्डिंगचा मोह नको, कारण उष्णतेने तारेचे बळ जाते.

2) स्टील : खाऱ्या पाण्याला 316 प्रतीचे स्टील लागते. त्यात मॉलिब्डेनम असते, 304 मध्ये नसते. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवील, पण चुंबकाने या दोहोंतला फरक कळत नाही. तपासणीचा दाखला मागावा.

3) डोलकाठी : काठी ॲल्युमिनियमची, कड्या स्टीलच्या. दोन्ही धातू थेट टेकले आणि खारे पाणी लागले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. मधे नायलॉनचा वॉशर किंवा अलग ठेवणारा लेप द्यावा.

4) उभारणी : आधी दोन्ही होड्यांमधली जाळी सारख्या ताणाने आवळावी आणि पाणी काढण्याच्या भोकांची बुचे लावावीत. मग बाजूच्या तारा जोडून, काठीच्या बुडाचा जोड पक्का करून, दोघा-तिघांनी काठी उचलावी. पुढची तार पिनेने अडकेपर्यंत कोणी हात सोडू नये. नंतर सुकाणू बसवावे. शीड सर्वांत शेवटी, होडीचे तोंड वाऱ्याकडे करून चढवावे.

5) विजेची तार : काठी उचलण्यापूर्वी वर पाहावे. परदेशात काठ्या तारांना लागून माणसे दगावली, तेव्हा 'होबी'ने काठीचा शेंडा वीज न वाहणाऱ्या फायबरचा केला. पण शेंड्याखालची काठी आणि ताणाच्या तारा धातूच्याच आहेत, हे विसरू नये.

6) ट्रेलर : मोटार वाहन कायदा, 1988 प्रमाणे ट्रेलरचीही नोंदणी लागते. वाटेत काठी आडवी बांधावी, टोकाला लाल फडके लावावे. ट्रेलरची चाके समुद्रात घालू नयेत, बेअरिंग गंजतात. रेतीवर वेगळी हातगाडी वापरावी. घरी आल्यावर सारे गोड्या पाण्याने धुवावे.

पिनेतली छोटी कडी काही रुपयांना मिळते. ती निसटली की पिन निघते, पिनेमागे तार आणि तारेमागे काठी, आणि काठीखाली कोणाचे तरी मूल बसलेले असते. म्हणून प्रत्येक कडीवर चिकटपट्टी गुंडाळावी आणि होडी ताब्यात देताना एकेक पिन गिऱ्हाइकाला दाखवावी.

कोकणातल्या खलाशी घराण्यांतील वडीलधाऱ्यांना वारा कळत होता, गाळ्यातल्या मुलांना धातू कळतो. दोघे एकत्र बसले तर हा हुन्नर शिकायला फार दिवस लागणार नाहीत. पहिले गिऱ्हाईक ओळखीने येईल. दुसरे मात्र पहिल्याची काठी पावसाळ्यानंतरही उभी असेल तरच येईल.