वजीर देऊन मात

आमच्या गावी पारावर बुद्धिबळाचा पट मांडला की एक गोष्ट सर्वमान्य असते : वजीर गेला की डाव गेला. वजीर गमावलेला गडी बहुधा सोंगट्या आवरायलाच लागतो. म्हणून ग्रंथालयातील एका पुस्तकात पांढऱ्याने पाचव्या खेळीला वजीर मारू दिला व सातव्या खेळीला मात केली असे वाचले, तेव्हा छपाईची चूक असावी असे वाटून मी डाव पटावर मांडून पाहिला. चूक नव्हती.

ही मात अठराव्या शतकातील फ्रेंच खेळाडू लेगाल याच्या नावाने ओळखली जाते. पॅरिसच्या 'कॅफे द ला रेजांस'मध्ये तो खेळत असे. पुढे युरोपभर गाजलेला फिलिडॉर हा त्याचाच शिष्य. समोर होता सेंट ब्री नावाचा हौशी खेळाडू. डावाच्या नोंदी निरनिराळ्या आढळतात. समजायला सोपी ती अशी. वाचकांनी पट जवळ घ्यावा.

दोघांची राजापुढची प्यादी दोन-दोन घरे येतात. पांढरा राजाकडील घोडा काढून काळ्याच्या प्याद्यावर रोखतो. काळा वजिरापुढचे प्यादे एक घर सरकवून त्याला जोर देतो. पांढऱ्याचा राजाकडील उंट चौथ्या ओळीत येतो. काळ्याचा उंट त्या घोड्यावर येऊन बसतो. घोडा हलला तर मागचा वजीर मरणार. पांढरा दुसरा घोडा काढतो, काळा राजाकडील घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवतो. आणि इथे पांढरा तोच बांधलेला घोडा उचलून मधले प्यादे मारतो!

काळा आनंदाने वजीर मारतो. मग पांढरा उंट राजाजवळचे प्यादे मारून शह देतो. राजाला पुढचे एकच घर उरते. तिथे तो जाताच दुसरा घोडा पटाच्या मध्यावर येतो, आणि मात. आमच्याकडे प्यादेमातीला मोठा मान; पण दोन घोडे व एक उंट यांनी केलेली ही मातही काही कमी नाही.

यात चमत्कार नाही. घोडा वजिराशी बांधलेला होता, राजाशी नव्हे. राजाशी बांधलेला घोडा नियमानेच हलू शकत नाही. वजिराशी बांधलेल्याला केवळ आपली भीती अडवते. काळ्याने वजिराचा मोह टाळून प्याद्याने घोडा मारला, तर पांढरा वजीर तो उंट मारतो व एक प्यादे जास्त राहते. मात्र काळ्याचा वजिराकडील घोडा बाहेर आलेला असेल, तर तोच आपला घोडा मारतो, शिवाय त्याच्या उंटाला जोर देतो, आणि सगळा बेत फसतो. पुष्कळ जण मात पाठ करतात, हा घोडा पाहत नाहीत.

यंदाच्या अंतर्वर्गीय स्पर्धेत आम्हा एस. वाय.च्या वर्गाचा निकाल माझ्या शेवटच्या डावावर होता. समोर टी. वाय.चे एक अनुभवी खेळाडू, आणि त्यांचा तो घोडा बाहेर! म्हणून मी आधी हत्तीपुढचे प्यादे एक घर सरकवून उंटाला हुसकले. तो त्याच तिरप्या रेषेत एक घर मागे गेला. आता त्या घोड्याचा जोर उंटाला पोहोचत नव्हता. मी घोड्याने प्यादे मारले. ते बराच वेळ पटाकडे पाहत राहिले. वजिराला त्यांनी हात लावला नाही, घोड्याने घोडा मारला. माझ्या वजिराने उंट मारला, त्यांच्या घोड्याने माझा उंट. मग वजिराने आडवा शह देऊन तो घोडाही परत मिळवला. एवढ्या धुमाळीतून माझ्या पदरी पडले एक प्यादे. त्यानंतर दीड तास डाव चालला, आणि त्याच प्याद्याचा वजीर झाल्यावर त्यांनी हात पुढे केला.