गोठ्यासाठी थर्मोस्टॅट घेताना

कोल्हापूरकडच्या घराला थर्मोस्टॅट लागत नाही. एप्रिलात पारा चाळिशीकडे सरकला तरी संध्याकाळी वारा सुटतो, मधूनच वळीव येऊन जातो, आणि छताला साधा पंखा असला की रात्र निभते. पण आमच्या गडमुडशिंगीत कितीतरी घरांची भिंत जिथं संपते तिथंच गोठा सुरू होतो. त्या पत्र्याखाली वैशाखात दुपारी उभं राहिलं की पंख्याची आणि त्याच्या वेळापत्रकाची खरी गरज कुणाला आहे ते कळतं. 'गोकुळ' दूध संघ १९६३ साली उभा राहिला आणि करवीर तालुक्यातल्या घरांचा महिना दुधाच्या बिलावर बसू लागला. संघाचा पशुखाद्य कारखाना तर आमच्याच गावात आहे. कोणती पेंड घालावी यावर इथं कुणीही तासभर बोलेल. गोठ्यातली हवा कशी राखावी यावर मात्र फार कमी बोललं जातं, आणि त्याची किंमत प्रत्येक उन्हाळ्यात मोजावी लागते. मी पाळीनं एमआयडीसीत जातो, गोठा आई आणि बायको बघतात. तिघं मिळून जे शिकलो ते इथं लिहितो.

१. आधी जनावर ओळखा, मग दुकानात जा.

एचएफ या विलायती जातीच्या गाईला साधारण पंचवीस अंशांपर्यंत बरं वाटतं, त्यापुढं तिचं खाणं उतरायला लागतं. म्हशीचं वेगळं आहे. काळी कातडी, विरळ केस, आणि घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी. त्यामुळं उन्हात ती लवकर तापते, पण सावली, पाणी आणि वारा मिळाला की लवकर निवतेही. एकाच पत्र्याखाली दोन्ही असतील तर यंत्राची सेटिंग आधी त्रास होणाऱ्या जनावराप्रमाणं लावायची.

नुकसान फक्त दुधात मोजू नका. दूध दोन लिटरनं उतरलं तर डेअरीच्या पावतीवर लगेच दिसतं. म्हैस उन्हाळ्यात मुका माज करते ते कुठंच दिसत नाही. ती ओरडत नाही, सोट नीट दिसत नाही, माज कधी आला आणि गेला ते घरात कुणाला समजत नाही, आणि वेत लांबतं. भाकड म्हैस महिनोन्महिने पोसण्याचा खर्च मांडला तर पंखे आणि त्यावरचा कंट्रोलर, म्हणजेच थर्मोस्टॅट, महाग वाटणार नाही. मी हा हिशेब पहिला मांडतो, वीज बिलाचा नंतर.

२. नुसतं तापमान मोजणारा घेऊ नका. आर्द्रताही मोजणारा घ्या.

सगळ्यात जास्त जीव तोडून सांगावंसं वाटतं ते हेच. बाजारातला साधा डिजिटल कंट्रोलर एकच आकडा बघतो, अंश सेल्सिअस. मृगाच्या तोंडावर, पाऊस अजून धरलेला असताना, हवा अठ्ठावीसवर असते आणि अंगातून धारा लागलेल्या असतात. अशाच एका सकाळी आईनं फोन केला, "आरं, म्हस धापा टाकाय लागलीया, आन तुजं यंत्र गप हाय." यंत्र तीस अंशांची वाट बघत होतं. आईनं म्हशीकडं बघितलं होतं.

पशुवैद्यक मंडळी यासाठी तापमान आणि आर्द्रता मिळून एक निर्देशांक काढतात. तो ७२ च्या वर गेला की दुभत्या गाईवर ताण सुरू होतो असं पूर्वीपासून धरलं जातं, आणि जास्त दुधाच्या गाईंना तर ६८ पासूनच, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. आता आकडे बघा. मार्चमधली कोरडी दुपार, बत्तीस अंश आणि तीस टक्के आर्द्रता: निर्देशांक सत्त्याहत्तरच्या आसपास. जूनमधली ढगाळ सकाळ, अठ्ठावीस अंश आणि ऐंशी टक्के: जवळपास ऐंशी. म्हणजे पारा चार अंशांनी खाली, तरी त्रास जास्त. कारण उघड आहे. जनावर घामावाटे आणि श्वासावाटे पाणी उडवून अंग थंड करतं, आणि दमट हवा ते पाणी घेत नाही.

दोन्ही मोजणारे कंट्रोलर आता मिळतात, पोल्ट्रीवाले ते आधीपासून वापरतात. तेवढं बजेट नसेल तर निदान आर्द्रता दाखवणारं स्वस्त घड्याळवजा यंत्र गोठ्यात टांगा आणि पावसाळ्याच्या तोंडावर कंट्रोलरची सेटिंग हातानं खाली आणा.

३. सेन्सरची जागा म्हणजे अर्धं यंत्र.

पत्र्याला चिकटवलेला सेन्सर पत्र्याचं तापमान सांगतो. पंख्याच्या झोतातला आणि फॉगरच्या तुषारातला सेन्सर तर सरळ खोटं बोलतो. तो भिजला की थंडी पडली असं समजून पंखे बंद करतो, आणि म्हशी तशाच तापत राहतात. सेन्सर उभ्या जनावराच्या पाठीच्या उंचीला हवा, पण त्याची जीभ पोचणार नाही अशा खांबावर. वायर पाइपातून घ्या, नाहीतर उंदीर आठवडाभरात कुरतडतात.

आमच्याकडं आणखी एक गोष्ट घडते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमुळं कोल्हापूरच्या बाजारात टेम्परेचर कंट्रोलर मुबलक मिळतात, आणि वायरमन सवयीनं भट्टीवरचाच आणून लावतो. भट्टीचा थर्मोकपल शेकडो अंशांसाठी असतो, तिथं दोन-तीन अंशांचा फरक कुणी विचारत नाही. गोठ्यात मात्र पंचवीस आणि अठ्ठावीस यांच्यातच सगळा खेळ आहे. एका अंशाचा दशांश दाखवणारा, आरटीडी किंवा एनटीसी सेन्सरचा कंट्रोलर मागा.

४. सगळे पंखे एकदम सुरू होऊ देऊ नका.

मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. सगळे पंखे एका दमात लागले तर गोठ्याचे दिवे मंद होतात आणि कंट्रोलरच्या आतला छोटा रिले चिकटून बसतो. कंट्रोलरनं फक्त हुकूम द्यावा, भार कॉन्टॅक्टरनं उचलावा. दोन टप्प्यांचं आउटपुट असलेला मिळाला तर उत्तम, निम्मे पंखे चोवीसला, उरलेले सत्तावीसला. सुरू आणि बंद यांच्यात दीड-दोन अंशांचं अंतर ठेवा. हे अंतर कमी असेल तर पंखे मिनिटामिनिटाला चालूबंद होतात आणि कॉन्टॅक्टर वर्षाच्या आत जातो.

५. वेळापत्रक हवेच्या घड्याळानं नको, जनावराच्या घड्याळानं.

सूर्य मावळला, हवा गार झाली, पंखे बंद, हे माणसाचं गणित. जनावराच्या अंगातली उष्णता हवेच्या मागून चढते आणि मागून उतरते. दुपारी तापलेली गाय संध्याकाळच्या धारेनंतरही आतून गरमच असते, त्यात पोटातल्या वैरणीची उष्णता वेगळी. म्हणून उन्हाळ्यात आम्ही संध्याकाळी धार आटोपल्यावर पंखे बंद करत नाही, रात्री उशिरापर्यंत चालू ठेवतो. रात्री अंग निवलं तर सकाळी गव्हाणीत वैरण उरत नाही. चांगल्या कंट्रोलरमध्ये ठरावीक तासांसाठी वेगळी सेटिंग देता येते. तशी सोय असलेलाच घ्या.

दुसरा मुद्दा थंडीतला, आणि तो बहुतेक जण विसरतात. डिसेंबर-जानेवारीत आपण गोठ्याच्या बाजूंना ताडपत्री, पोती लावतो. आत शेणामुताचा अमोनिया साठतो, डोळे चुरचुरतात, रेडकं खोकतात. पारा बारा-चौदा अंशांवर असल्यानं थर्मोस्टॅट पंखा कधीच लावणार नाही. तिथं तापमानाशी संबंध नसलेला टायमर लागतो, तासातून काही मिनिटं एखादाच पंखा, तोही रेडकांवर झोत येणार नाही असा. परदेशात घरातल्या थर्मोस्टॅटवर हीच सोय असते, गरम-थंड काही न करता तासातून थोडा वेळ नुसती हवा फिरवणारी. इकडं विकणारे तिचा उल्लेखही करत नाहीत, म्हणून आपण विचारावं.

टायमर घेताना तो वीज गेल्यावर वेळ धरून ठेवतो का ते दुकानातच तपासा. खुंट्यांची गोल चकती असलेला जुना टायमर बॅटरीशिवाय असेल तर लाइट जाते तेवढा वेळ तो थांबून राहतो. वळवाच्या वाऱ्यानं तारा तुटून दुपारभर वीज गेली की रात्रीचा पंखा पहाटे लागतो.

६. फॉगर वेगळ्या टायमरवर घ्या.

फॉगर थोडा वेळ चालू, मग बराच वेळ बंद, आणि बंद असताना पंखा चालूच, हा क्रम पाळला तरच गारवा येतो. सतत तुषार सोडले तर पाणी कासेवरून ओघळतं, बैठक ओली राहते, आणि तिथून दगडी कासेचा धोका सुरू होतो. पावसाळ्यात फॉगर बंदच. हवेतच पाणी भरलेलं असताना आणखी पाणी सोडून फायदा नाही.

७. मोबाईलवरून चालवण्याआधी मोबाईलवर कळू द्या.

शेतीपंपाचा मोबाईल स्टार्टर आपल्याकडं घरोघरी आहे, त्यामुळं "पंखे पण फोनवर घ्या" असं कुणीही सांगतं. घ्यावेत. पण आधी सिमचं बघा. यातली बरीच यंत्रं फक्त टूजी नेटवर्कवर चालतात, आणि जिओचं टूजी नाहीच. तिथं दुसऱ्या कंपनीचं सिम लागतं, आणि त्याचा रिचार्ज संपू द्यायचा नाही. वायफायचं यंत्र असेल तर ते बहुधा २.४ गिगाहर्ट्झचंच नेटवर्क पकडतं, आणि घरातल्या राउटरचा सिग्नल पत्र्याच्या गोठ्यात पोचतो का ते खरेदीआधी फोन हातात धरून गव्हाणीपाशी उभं राहून बघावं.

अॅप कुणाच्या भरवशावर आहे हेही विचारा. गुगलनं २०११ आणि २०१२ च्या नेस्ट थर्मोस्टॅटचा अॅपशी असलेला संबंध २५ ऑक्टोबर २०२५ पासून तोडला. भिंतीवरचं बटण चालू राहिलं, फोनवरून चालवणं संपलं. एवढ्या मोठ्या कंपनीच्या यंत्राचं हे होतं, तर नावगाव नसलेल्या अॅपचं काय होईल याचा विचार करावा. मिस कॉल आणि एसएमएसवर चालणारं यंत्र दिसायला जुनाट असतं, पण त्याला कुणाचा सर्व्हर लागत नाही.

आणि कामावर असताना मला सगळ्यात उपयोगी काय पडलं, तर पंखे लावायची सोय नव्हे, वीज गेल्याचा आणि गोठा तापल्याचा निरोप. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधले शिक्षक वॉरन जॉन्सन यांनी १८८३ मध्ये खोलीच्या विजेच्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं. त्यांच्या यंत्रानं खाली भट्टीपाशी घंटा वाजायची आणि तिथला माणूस हवेची झडप सरकवायचा. गोठ्यात आजही तेच लागतं. निरोप मला येतो, मी घरी फोन करतो, आणि बायको जाऊन बघते की नुसता पंखा पुरे की पाठीवर पाणी ओतायला हवं. ते फोनवरून दिसत नाही.

८. अर्थिंगमध्ये एक रुपयाही वाचवू नका.

ओली जमीन, लोखंडी दावणी, चार पायांचं जनावर. माणसाला नुसती झिणझिणी देणारी गळती गाई-म्हशीला मारून टाकू शकते. त्याहून कमी असली तर जनावर पाण्याच्या टाकीला तोंड लावायला घाबरतं आणि आपण समजतो की त्याला तहान नाही. गोठ्याच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवाच, अर्थिंगचा स्वतंत्र खड्डा हवा, आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतत राहायला हवं. पॅनेलचा डबा आयपी-६५ दर्जाचा घ्या. अमोनिया तांब्याची कनेक्शनं खातो आणि भुसकट कॉन्टॅक्टरमध्ये बसतं. वायरमन "एवढं काय लागतंय" म्हणाला तर दुसरा वायरमन बघा.

९. घरातल्या सगळ्यांना चालवता आलं पाहिजे.

पॅनेलवर तीन खुणांची चावी असावी: आपोआप, बंद, हातानं. त्या मराठीत, ठळक अक्षरांत रंगवून घ्या. आमच्याकडं आई ती डोळे झाकून फिरवते. कंट्रोलर असा निवडा की तो जळला तर कोल्हापुरातल्या दुकानातून दुसरा आणून त्याच मापाच्या खाचेत त्याच दिवशी बसवता येईल. बाहेरून मागवलेलं देखणं यंत्र मे महिन्यात दुरुस्तीला गेलं तर ते परत येईपर्यंत गोठा कोण सांभाळणार?

१०. पैसे थोडे असतील तर क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा पत्र्याला वरून पांढरा रंग किंवा उसाच्या पाचटाचा थर (पाचट कोरडं असतं, ठिणगीपासून जपा), आणि पश्चिमेच्या बाजूला झाड. मग चोवीस तास तोंडापुढं पाणी. मग पंखे. मग आर्द्रता मोजणारा कंट्रोलर. मग थंडीसाठीचा टायमर, मग फॉगर. मोबाईल शेवटी, आणि त्यातही आधी निरोप देणारा, नंतर चालवणारा.