अण्णांच्या टेबलाशी

चि. निखिल,

परवा घरच्या ग्रुपवर तू लिहिलंस, "लंडनला माणसांचं लोणचं बघून आलो." सगळे हसले. वहिनींनी मात्र फोन उपडा ठेवला आणि अण्णांच्या फोटोसमोर जाऊन बसल्या. त्या तुला बोलायच्या नाहीत, म्हणून मी लिहितो.

तू पाहिलंस त्या हंटेरियन म्युझियममधल्या बऱ्याचशा बरण्या जॉन हंटर या सर्जनने जमवल्या. शरीर स्वतः उघडून बघा, मग शस्त्र धरा, हे त्याने सर्जनांना शिकवलं. पण त्याच हंटरने चार्ल्स बर्नचं काय केलं? साडेसात फुटांचा तो आयरिश तरुण. लोक पैसे देऊन त्याला बघायला यायचे. मेल्यावर तरी कुणी बघू नये, म्हणून मला समुद्रात सोडा, असं तो सांगून गेला. १७८३ साली, बाविसाव्या वर्षी वारला. हंटरने पैसे चारून प्रेत मिळवलं. दोनशेहून अधिक वर्षं तो सांगाडा लोकांनी पाहिला. २०२३मध्ये म्युझियम पुन्हा उघडलं, तेव्हा कुठे तो मांडायचं थांबलं. तू ज्यांना लोणचं म्हणालास, त्यांतल्या कितीजणांना कुणी विचारलं असेल रे?

मी तरी कुठे शहाणा होतो? मेडिकलच्या पहिल्या वर्षी डिसेक्शनच्या टेबलावरच्या माणसाला आम्ही 'पहिलवान' म्हणायचो. बेवारस होता, १९४९च्या कायद्याने असे देह कॉलेजांकडे येत. त्याच्या हातावर नाव गोंदलेलं होतं. त्याच हाताच्या बोटांत मी एकदा विडी अडकवली. सुट्टीत ही गंमत अण्णांना सांगितली. ते काही बोलले नाहीत, भरल्या ताटावरून उठले.

आणि त्याच अण्णांनी पुढे देहदानाचा फॉर्म भरला. त्यांना नेलं तेव्हा तू सातवीत होतास. वारस म्हणून सही माझी होती. तेव्हापासून एकच गोष्ट मनातून जात नाही: त्यांच्या टेबलाशी कुणी असंच हसलं असेल का? तुझं लोणचं वाचलं आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

रागावलो, मनाला लावून घेऊ नकोस. प्रेतासमोर माणूस आतून घाबरतो आणि वरून हसतो. मी तसाच हसलो होतो. तूही घाबरला असशील, आणि तिथे जवळ आपलं कुणी नव्हतं.

जमलं तर पुन्हा जा. एखाद्या बरणीपाशी थोडा वेळ नुसता उभा राहा. वहिनींना फोन कर. थंडीत कान झाकून घे, जेवणाची आबाळ करू नकोस. अण्णांची बोटं तुझ्यासारखीच लांब होती.

तुझा,
काका