पाडा, ग्रामसभा आणि राज्यघटना

सातपुड्याच्या रांगांतील अक्राणी तालुक्यात गाव म्हणजे एका पाराभोवती वसलेली वस्ती नव्हे. डोंगरउतारांवर विखुरलेले अनेक पाडे मिळून तेथे गाव होते. अशा ठिकाणी ग्रामसभा कोठे भरावी, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. वस्तुतः आदिवासी समाजाला राज्यघटनेने दिलेल्या मान्यतेचा अर्थच त्यात सामावलेला आहे.

वगळलेल्या क्षेत्रापासून अनुसूचित क्षेत्रापर्यंत

इंग्रजी अमदानीत १९३५ च्या कायद्याखाली तत्कालीन पश्चिम खानदेशातील शहादा, नंदुरबार व तळोदा तालुके, नवापूर पेटा, अक्राणी महाल आणि मेवासी प्रमुखांची गावे ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ म्हणून गणली गेली. या व्यवस्थेत वेगळेपणाची दखल होती. लोकांच्या मताला मात्र स्थान नव्हते.

संविधान सभेत जयपालसिंग मुंडा यांनी ‘आदिवासी’ या नावाचा आग्रह धरला. राज्यघटनेने ‘अनुसूचित जमाती’ ही संज्ञा स्वीकारली आणि अनुच्छेद २४४ व पाचव्या अनुसूचीद्वारे अनुसूचित क्षेत्रांची तरतूद केली. एखादा कायदा अशा क्षेत्राला लागू होणार नाही, किंवा फेरफारांसह लागू होईल, असे ठरविण्याचा अधिकार तीनुसार राज्यपालांना आहे. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार नवापूर, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी हे तालुके संपूर्णतः, तर शहादा व नंदुरबार हे अंशतः अनुसूचित क्षेत्रात येतात. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेप्रमाणे, सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत.

केवळ संरक्षणाने भागत नाही, हे १९७० नंतरच्या वर्षांत शहादा परिसराने दाखवून दिले. अंबरसिंग महाराज सुरतवंती व त्यांच्या सहकाऱ्यांनी आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींचा प्रश्न ऐरणीवर आणला. अशा जमिनी परत करण्याचा राज्याचा कायदा १९७४ चा आहे.

पेसा कायद्याचा आशय

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीतील पंचायतविषयक तरतुदी अनुसूचित क्षेत्रांना आपोआप लागू झाल्या नाहीत. दिलीपसिंह भुरिया समितीच्या शिफारशींनंतर संसदेने १९९६ मध्ये वेगळा कायदा केला. तोच ‘पेसा’ होय. आपल्या रूढी व परंपरांनुसार कारभार पाहणारा समाज जेथे राहतो, ती वस्ती, पाडा किंवा त्यांचा समूह म्हणजे गाव, अशी त्याची व्याख्या आहे. योजनांना मान्यता, लाभार्थींची निवड आणि खर्चाचे प्रमाणन ही कामे ग्रामसभेची आहेत. भूसंपादनापूर्वी सल्लामसलत बंधनकारक आहे. गौण वनोपजाची मालकी, मद्यविक्रीचे नियमन, गावबाजार, सावकारी आणि जमिनींचे बेकायदेशीर हस्तांतरण यांबाबतचे अधिकारही त्यात अभिप्रेत आहेत. महाराष्ट्राने आपले नियम २०१४ मध्ये केले.

मान्यता कोठे सिद्ध होते?

ऑस्ट्रेलियात तेथील मूळ रहिवाशांना राज्यघटनेत स्थान व संसदेपुढे सल्ल्याचा अधिकार देणारा प्रस्ताव १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सार्वमतात नामंजूर झाला. भारतात घटनात्मक आधार आहे. कसोटी अंमलबजावणीची आहे. दूरच्या पाड्यावरील स्त्रीने मजुरी बुडवून, डोंगर उतरून सभेला यावे आणि तेथे न समजणाऱ्या भाषेत ठराव ऐकावा, तर तिची सही किंवा अंगठा म्हणजे संमती म्हणता येणार नाही.

म्हणूनच सभेचा दिवस व जागा पाड्यांच्या सोयीने ठरणे, विषय भिलोरी, पावरी वा मावची बोलीत समजावून दिले जाणे आणि ठराव तेथेच वाचून दाखविला जाणे, ही कामे दुय्यम नव्हेत. ग्रामसेवक, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी ती निष्ठेने केली, तरच दिल्लीत संमत झालेला कायदा शेवटच्या पाड्यापर्यंत पोचला, असे म्हणता येईल.